सोफा नको, पलंगाखालची वायरिंग दाखवा: आमच्या मोटरहोमचे चौदा महिने

पाचापैकी साडेतीन तारे. त्यातले अडीच गाडीला, एक आतलं घर बांधून देणाऱ्या वर्कशॉपला. वर्कशॉपचा हा एक तारा सहा महिन्यांपूर्वी मी दिला नसता.

वर्कशॉप इंदूरमध्येच, देवास नाक्याच्या बाजूला. नाव लिहीत नाही. भांडण झालं, काम पुन्हा करून घेतलं, आणि आता मालक संक्रांतीला आमच्याकडे तिळगूळ घ्यायला येतो. त्याचं नाव असं चारचौघांत टांगणं बरं दिसत नाही.

गाडी म्हणजे फोर्स ट्रॅव्हलर, २०१८ ची, जुनी घेतलेली. ७ लाख ४० हजारांना पडली. आतलं काम ८ लाख ६० हजार, आणि ते काम दुरुस्त करायला आणखी १ लाख १५ हजार. हा शेवटचा आकडा कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतेय. चौदा महिन्यांत ११,३०० किलोमीटर झाले. पुणे दोनदा, गणपतीपुळे, हंपी, कच्छ, आणि मधूनमधून महेश्वर-मांडू, जे आमच्यासाठी अंगणच. मी एका कॉलेजात फिजिक्सची लॅब एकतीस वर्षं सांभाळली, हे पीथमपूरला कारखान्यात होते. दोघंही रिटायर. गाडी हे चालवतात, आतलं सगळं माझ्याकडे.

ट्रॅव्हलरच का, असं सगळे विचारतात. ही गाडी आमच्या शेजारी पीथमपूरलाच बनते, हे एक कारण. पण खरं कारण वेगळं. देशभरातल्या निम्म्या रुग्णवाहिका, शाळेच्या बसा आणि देवदर्शनाच्या गाड्या ट्रॅव्हलरच असाव्यात असं रस्त्यावर वाटतं. इंजिन मर्सिडीजच्या जुन्या ओएम ६१६ घराण्यातलं, मेकॅनिक लोकांच्या हाताखालून हजारदा गेलेलं. शिरपूरजवळ आमचा क्लच पॅडल दाबला की जमिनीलाच टेकायला लागला, तेव्हा रस्त्याकडेच्या मेकॅनिकने वाकून एकदा खाली बघितलं, गावात फोन केला, आणि अडीच तासांत स्लेव्ह सिलिंडर बदलून आम्ही निघालो. तेवढ्या वेळात मी कांदेपोहे केले, तेही त्यालाच जास्त आवडले. परदेशी बनावटीची दिमाखदार व्हॅन असती तर शिरपूरला आठवडा काढला असता. अ‍ॅव्हरेज साडेदहाच्या आसपास, वेग साठ-सत्तर. घाई असणाऱ्यांनी रेल्वेने जावं.

आता घराकडे. वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी काय दाखवतात? रंग बदलणारे दिवे, कुशनचा सोफा, छताला टीव्ही. मालक म्हणाला, "मैडम, अपन फाइव्ह स्टार बना देंगे, भिया लोग देखते रह जाएंगे." लोक बघत राहिले, हे खरं. पण गाडीत राहायचं कळायला लागलं की उमजतं, सगळा खेळ डोळ्यांना न दिसणाऱ्या तीन गोष्टींचा: वीज, पाणी आणि वजन. या तिन्हींबद्दल मला काम चालू असताना कुणी एक शब्द बोललं नाही. मीही विचारलं नाही, ही माझी चूक. लॅबमध्ये पोरांना सर्किट तपासल्याशिवाय स्विच लावू देत नव्हते, आणि स्वतःच्या गाडीत पडद्याचे रंग निवडत बसले.

वीज आधी. पहिलीच मोठी खेप, पुण्याला जाताना. सेंधव्याच्या अलीकडे झाडाखाली गाडी लावून मी इंडक्शनवर वरणभाताचा कुकर चढवला. दुसऱ्या शिट्टीला वास आला. आधी वाटलं भात लागला. पण तो वास भाताचा नव्हता, तापलेल्या बेकेलाइटचा होता. एकतीस वर्षं पोरांनी जाळलेल्या रिओस्टॅटांवर तयार झालेलं माझं नाक, ते चुकत नाही. पलंगाची फळी उचलली आणि बॅटरीकडून इन्व्हर्टरला जाणाऱ्या लाल केबलवर पालथा हात ठेवला, तो लगेच काढावा लागला. टोकाच्या थिंबलपाशी, म्हणजे केबल जोडायच्या धातूच्या टोपीपाशी, प्लास्टिक मऊ होऊन बोटाला चिकटत होतं. थिंबल प्रेसने दाबलेलं नव्हतंच, हातोडीने ठोकलेलं. तांब्याच्या आठ-दहा तारा बाहेर मिशांसारख्या उभ्या. आणि बॅटरी ते इन्व्हर्टर, मध्ये कुठेही फ्यूज नाही.

हिशेब सोपा आहे. १६०० वॉटचं इंडक्शन घरी २३० व्होल्टवर सात अँपिअर घेतं. तेच १२ व्होल्टच्या बॅटरीवरून, इन्व्हर्टरमधली गळती धरून, दीडशे अँपिअर. दीडशे अँपिअर म्हणजे घराच्या मीटरमधून कधीच जात नाहीत एवढे, आणि त्यासाठी आमच्या कारागिराने २५ स्क्वेअर मिलिमीटरची केबल टाकली होती, कारण ती दुकानात पडून होती. आता ७० ची आहे, जेमतेम दीड मीटर लांब, हायड्रॉलिक प्रेसने दाबलेली थिंबलं, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. गाडी बघायला गेलात तर सोफ्यावर बसू नका. पलंग उचलायला सांगा. केबल किती स्क्वेअर एमएमची, फ्यूज कुठे, आणि सगळी वीज एका हाताने तोडणारा स्विच कुठे, एवढं विचारा. कारागीर डोकं खाजवायला लागला तर चहा पिऊन निघा.

बॅटऱ्यांचंही तसंच. आधी दोन ट्युब्युलर, १५० अँपिअर-तासांच्या, घरच्या इन्व्हर्टरला असतात त्या. दोन्हींत मिळून ३.६ युनिट वीज. पण लेड-अ‍ॅसिड अर्ध्याखाली उतरवली की आयुष्य घटतं, म्हणजे हाताशी १.८ युनिट, आणि वजन शंभराच्या वर. आता एकच लिथियम फॉस्फेटची आहे, १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तास. अडीच युनिटमधली नव्वद टक्के बिनधास्त वापरता येते, आणि ती मी एकटी उचलून ठेवते. मात्र गाडीच्या अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला, ती थेट जोडू नका. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा, नाहीतर लिथियम मागेल तेवढा करंट देतादेता अल्टरनेटर भाजून निघतो. आणि हिमालयात जाणार असाल तर लक्षात ठेवा, शून्याखाली गारठलेली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते.

आमचा रोजचा खर्च साधारण दीड युनिट. पन्नास लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज अर्धं युनिट खातो, छतातला पंखा रात्रभर चालून पाव युनिटाच्या जरा वर, इंडक्शन दोन वेळा मिळून अर्धं-पाऊण, उरलेलं दिवे नि फोन. छतावरचं ४०० वॉटचं सोलर स्वच्छ उन्हात जवळजवळ तेवढंच परत देतं. पावसाळ्यात देत नाही. तेव्हा इंडक्शन बंद, गॅस चालू.

एसीबद्दल मी वाईट बोलणार आहे. एक टनाचा एसी तासाला युनिटभर खातो, म्हणजे आमच्या बॅटरीवर दोन तास. वर्कशॉपवाल्यांनी तो छतावर बसवून सव्वा लाख घेतले, आणि आम्ही तो प्लग मिळाला तरच लावतो. माळव्यात त्याची गरजही नसते. मे महिन्यात इंदूरला दिवसा कितीही भाजू दे, रात्री वारा सुटतोच. उगाच नाही शब-ए-माळवा, माळव्याची रात्र, म्हणत. पण घाट उतरून निमाडात गेलात की गणित उलटतं. मानपूर सोडून खलघाटला पोचेपर्यंत खिडकीतून येणारी हवा बदललेली कळते. तिकडे उन्हाळ्यात रात्रीही पत्रा तापलेला असतो. म्हणून आमचा नियम: मार्च ते जून निमाडात मुक्काम नाही, महेश्वर दिवसा बघून रात्री वर. एसीचे पैसे पत्र्याच्या आतल्या इन्सुलेशनला घातले असते तर जास्त शहाणपणाचं झालं असतं. आमच्याकडे भिंतींत फोम आहे, छतात मात्र नुसतं प्लायच्या मागे पोकळ. सूर्य भिंतीवर येतो की छतावर?

पाणी. १२० लिटरची टाकी, म्हणजे १२० किलो, हे सुरुवातीला डोक्यात शिरत नाही. दोघांना जपून वापरलं तर चार दिवस पुरते. पिण्याचा वीस लिटरचा जार वेगळा. शॉवरसाठी वर्कशॉपने कपाटाएवढी खोली केली. चौदा महिन्यांत तिथे आम्ही तीनदा आंघोळ केली. आता तिथे बटाटे, चपला आणि घडीच्या खुर्च्या असतात. तांब्या-बादलीने माणूस पाच लिटरमध्ये स्वच्छ होतो, त्याला शॉवर कशाला?

आत येणाऱ्या पाण्याचं सगळे विचारतात, बाहेर जाणाऱ्याचं कुणी नाही. आमच्या सिंकचा पाइप आधी थेट खाली सोडलेला होता. रस्त्यावर. २०१७ साली स्वच्छतेत पहिला नंबर आला तेव्हापासून इंदूरच्या माणसाला चॉकलेटचा कागद टाकतानाही कुणीतरी बघतंय असं वाटतं, आणि आम्ही चहाचा चोथा सांडत सुपर कॉरिडॉरवरून चाललोय. पहिल्याच आठवड्यात साठ लिटरची सांडपाण्याची टाकी खाली लावून घेतली. ताटं आधी वर्तमानपत्राने पुसायची, मग धुवायची. नाहीतर तिसऱ्या दिवशी टाकीला असा वास येतो की पंखाही तोंड फिरवेल.

संडासाचं स्पष्टच लिहिते, कारण सगळ्या व्हिडिओंत तो भाग गाळलेला असतो. आमचा कॅसेटवाला आहे. खाली सुटकेससारखी वीस लिटरची टाकी निघते. दोघांना दोन दिवस, रात्रीपुरताच वापरला तर चार. ती रिकामी करायची जागा एकच: सेप्टिक टँक किंवा गटारलाइनला जोडलेला संडास. शेत नाही, ओढा नाही, आणि नर्मदा तर नाहीच नाही. ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर आधी विचारायचं, काय आहे ते सांगायचं, नंतर दोन बादल्या पाणी ओतून जागा धुऊन द्यायची आणि तिथल्या सफाईवाल्याच्या हातात पन्नास-शंभर ठेवायचे. मला आजवर दोनच ठिकाणी नाही म्हणाले. टाकी कुणी उचलायची हा प्रश्न आमच्याकडे लग्नाच्या चौतिसाव्या वर्षी निघाला आणि एका संध्याकाळीच मिटला: स्वयंपाक माझा, कॅसेट यांची.

वजनाचं आम्हाला मांडूच्या वाटेवर कळलं. गाडी वळणावर अशी डुलायची की भांडी एका बाजूला जमत. परत आल्यावर धरमकाट्यावर नेली. नुसतं एकूण वजन करू नका; पुढची चाकं काट्यावर घेऊन एकदा, मागची घेऊन एकदा, असं वेगळं करा. आमची मागची बाजू भलतीच जड निघाली. कारण शोधलं तर सगळं फर्निचर १८ मिलिमीटरच्या प्लायचं. आठ बाय चारची एक शीट तीस किलोच्या वर, आणि अशा तेरा. वर्कशॉपच्या मालकाचा भाऊ मॉड्युलर किचन करतो, त्याने गाडीतही किचनच केलं. कपाटांच्या पाठी आणि मधल्या फळ्या काढून ९ मिलिमीटरच्या बसवल्या, पाण्याची टाकी मागून मधोमध आणली, आणि गाडी माणसात आली. आरसीवरचं एकूण वजन बघा आणि टाकी भरून, सामान भरून, माणसं बसवून त्याच्या आत आहात का ते तपासा. घाट उतरताना हा फरक ब्रेकला कळतो. राऊ-खलघाट रस्त्यावर उतारांवर अपघातांच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षं वाचल्यात; आमचे हे दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरतात आणि मागचा ट्रक हॉर्न देतो तर देऊ देतात. टायर जुन्या गाडीबरोबर आले तसे ठेवू नका. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्या स्टेपनीवर २३१३ होतं. म्हणजे २०१३ सालचा. नक्षी नवीकोरी, रबर पापडासारखं.

भेरू घाटातली जिरावणाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याची, गोष्ट सांगायची राहिली. कपाटांना चुंबकाचे कॅच होते, घरच्यासारखे. पहिल्या वळणावर दार उघडलं, दुसऱ्या वळणावर जिरावणाचा डबा बाहेर, तिसऱ्यावर झाकण. पाव किलो जिरावण, पंखा चालू. मानपूरपर्यंत दोघं शिंकत होतो, आणि चादरीला अजून पोह्यांचा वास येतो. दाबून उघडायची कुलपं लावा, तीही दोन-दोन. स्टीलचे डबे घेऊच नका, घेतलेत तर मधे जुनी सुती साडी कोंबा.

गॅसची गंमत मात्र हसण्यासारखी नाही. पाच किलोच्या सिलिंडरसाठी पेटी केली, तिला हवेची जाळी ठेवली वरच्या बाजूला. "वास ऊपर से निकल जाएगा ना, मैडम." एलपीजी हवेपेक्षा जवळपास दीड ते दोन पट जड. गळला तर तळाशी साचतो, पलंगाखाली, जिथे बॅटरीचे रिले, म्हणजे ठिणगी पाडू शकणारे स्विच, टिकटिकतात. मी त्याच वेळी तिथे उभी राहून पेटीच्या तळाला भोक पाडून घेतलं, थेट गाडीखाली उघडणारं, आणि गॅसचा डिटेक्टर गुडघ्याच्या खाली लावला. एवढ्या एका गोष्टीसाठी तरी काम चालू असताना वर्कशॉपमध्ये रोज चक्कर मारा.

कागदपत्रं थोडक्यात. सीटा काढून पलंग बसवणं म्हणजे गाडीच्या मूळ रचनेत बदल, त्याला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं. परवानगी आधी, सुतार नंतर. मोटर कॅरव्हानसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे, वर्कशॉपवाल्याला ते ऐकूनही माहीत नसेल तर दुसरा शोधा. विमा कंपनीला लेखी कळवा. लायसन्सची काळजी कमी झालीय: नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडीही चालवता येते असा निकाल दिला.

मुक्कामाची जागा उजेड असताना ठरवायची, तोंड रस्त्याकडे करून लावायची, आणि पायाखालची माती बघायची. हे शेवटचं आम्ही जुलैत मांडूजवळ विसरलो. बाओबाबच्या झाडाखाली, ज्याला तिकडे मांडूची चिंच म्हणतात, इतकी सुरेख सपाट जागा होती की यांनी चौकशीही केली नाही. रात्री पाऊस. आपली काळी माती वाळली की दगड आणि भिजली की लोणी. सकाळी मागची चाकं अर्धी आत, गाडी डाव्या अंगाला, आणि मी झोपेतच भिंतीवर. ट्रॅक्टरवाला आला, पाचशे घेतले, दोर बांधताना म्हणाला, "यहाँ तो बैल भी नी बैठे बारिश में." नंतर त्याच्याच घरी दाल-पानिये खाल्ले, मक्याचे, रुईच्या पानांत थापून गोवऱ्यांवर भाजलेले, तेव्हा यांचा राग उतरला. आता मुरूम किंवा डांबर नसेल तर आम्ही थांबत नाही.

शहरात अडचण उंचीची. एसी आणि सोलर धरून आमची गाडी तीन मीटरला टेकते, आणि मॉलच्या, सोसायट्यांच्या पार्किंगची आडवी दांडी बहुतेक दोन-सव्वादोन मीटरवर. उंची कागदावर लिहून स्टिअरिंगपाशी चिकटवा. पुण्याला नणंदेच्या सोसायटीत त्या दांडीने आमची अब्रू काढली. गाडी बाहेर फुटपाथलगत लावली आणि रात्री आम्ही तिथेच झोपलो. नणंदबाई गाऊनवर शाल घेऊन खाली आल्या. "वहिनी, अहो घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत, लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणाले ठाऊक नाही, वॉचमनने सकाळी दूध आणून दिलं.

घ्यावी का? तुम्ही दोघंच असाल, वर्षातले पन्नास-साठ दिवस बाहेर काढणार असाल, आणि दोघांपैकी एकाला तरी पाना धरता येत असेल, तर घ्या. वर्षाला एकदा काश्मीर करायचं असेल तर भाड्याने घ्या, आणि घेण्याआधी एकदा तरी घेऊन दोन रात्री राहून बघाच. आम्ही राहिलो असतो तर एसी, टीव्ही आणि शॉवर मिळून सव्वादोन लाख वाचले असते. वर्कशॉपला एक तारा एवढ्याचसाठी, की चुका दाखवल्यावर मालकाने वाद घातला, पण गाडी परत घेतली, निम्मी मजुरी सोडली, आणि नवीन केबल टाकताना माझ्याकडून सगळ्या सर्किटचा नकाशा मागून घेतला. तो आता त्याच्या भिंतीवर लावलाय म्हणे. छताच्या खिडकीतून अजून थेंब येतो; पावसाआधी सीलंट पुन्हा मारायचंय.

मागच्या रविवारी नणंदबाईंचा फोन आला. मेमध्ये गाडी मोकळी आहे का, त्यांच्या मुलाला आणि सुनेला कोकणात जायचंय. मी हो म्हणाले. किल्ली मात्र कॅसेट एकदा स्वतः रिकामी करून दाखवली तरच मिळेल, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, विचारून कळवते.